वाचकांचे प्रश्न : शंका घ्यावी ती कशी आणि कुठवर?

संशयवाद या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न एकमेकांशी इतके निगडित आहेत की त्यांची उत्तरे एकत्र देणे योग्य वाटले. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कोणत्याही गोष्टीवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, म्हणून मित्र मला संशयवादी म्हणतात. परंतु काहीच न मानणारा माणूस आणि संशयवादी माणूस यांत फरक असावा असे मला वाटते. तो नेमका कोणता?

उत्तर : आपल्याला जाणवलेला फरक खरा आहे आणि तो पुष्कळ जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक वैद्य-तत्त्वज्ञाने आपल्या विवेचनाच्या आरंभीच शोध घेणाऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत : सत्य आपल्याला सापडले असे मानणारे, सत्य सापडणे शक्यच नाही असे ठामपणे सांगणारे आणि अजून शोध घेत असलेले. संशयवादी हे नाव त्याने फक्त तिसऱ्या वर्गाला दिले. काहीच न मानणारा माणूस दुसऱ्या वर्गात मोडतो. थोडा विचार केला तर असे दिसते की त्याची मनःस्थिती पहिल्या वर्गातील माणसापेक्षा फारशी निराळी नाही, कारण दोघांचाही शोध संपलेला असतो आणि नव्या पुराव्याची गरज दोघांनाही उरलेली नसते.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि प्रमाण यांचा विचार करणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञानशाखेत, हीच दिशा अधिक स्पष्टपणे मांडलेली आहे. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत, म्हणजे विवेचनाच्या विषयांत, संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा आहे. या सूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने म्हटले आहे की जी गोष्ट मुळीच ठाऊक नाही तिच्याविषयी, किंवा जिचा निर्णय झालेला आहे तिच्याविषयी न्याय, म्हणजे तर्कशुद्ध चौकशी, प्रवृत्त होत नाही. तो प्रवृत्त होतो तो संशयित विषयाबाबत. म्हणजे शंका ही चौकशीच्या सुरुवातीला येते आणि चौकशी निर्णयापर्यंत जाण्यासाठी असते. सेक्स्टसच्या परंपरेतील संशयवादी निर्णय कायमचा स्थगित ठेवून त्यातून मनाची शांती मिळवू पाहत होते. आज आपण ज्याला संशयवादी म्हणतो त्याने निर्णय स्थगित ठेवायचा तो पुरावा येईपर्यंतच. माझ्या मते हा बदल चांगला झाला आहे.

चौकशी किती करावी, हा प्रश्न यातून लगेच उभा राहतो. दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त आपल्याला वेदान्तामुळे परिचित आहे. कार्निआडीस या ग्रीक संशयवाद्याच्या मताचे विवरण करताना सेक्स्टसनेही तोच दृष्टान्त वापरला आहे, मात्र निराळ्या हेतूने. अंधाऱ्या खोलीत वेटोळे दिसताच माणूस आधी त्यावरून उडी मारून पुढे जातो. मग मागे वळून पाहतो, तर ते हलत नाही. तरीही थंडीने गारठलेला साप हलत नाही हे ठाऊक असल्यामुळे तो काठीने डिवचून पाहतो आणि मगच ती दोरी असल्याचे मान्य करतो. तीनही टप्प्यांवर त्याची खात्री वेगवेगळ्या दर्जाची आहे आणि प्रत्येक टप्प्यावरचे त्याचे वागणे हाताशी असलेल्या पुराव्याला व वेळेला धरून आहे. उडी मारताना त्याने पूर्ण खात्रीची वाट पाहिली नाही, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : हल्ली अनेक जण 'आम्ही फक्त प्रश्न विचारतो आहोत' असे म्हणत हवामानबदल किंवा लसीकरण यांसारख्या विषयांवर शंका उपस्थित करतात. त्यांना संशयवादी म्हणावे का? आणि म्हणू नये तर का? शंका घेण्याचा अधिकार तर सर्वांना आहे.

उत्तर : अधिकार सर्वांना आहे, यात वाद नाही. मात्र शंका घेणाऱ्यावर एक जबाबदारीही येते : मिळालेले उत्तर ऐकण्याची. ही जबाबदारी कोण पाळतो आणि कोण पाळत नाही, हे पाहण्यासाठी तंबाखूचा इतिहास तपशिलाने सांगण्यासारखा आहे.

१९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांची तुलना इतर आजारांच्या तितक्याच पुरुषांशी केली. कर्करोगाच्या रुग्णांत धूम्रपान न करणारे केवळ २ होते, तर दुसऱ्या गटात २७. त्याच वर्षी अमेरिकेतूनही त्याच दिशेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वेळी शंका घेणे पूर्णपणे रास्त होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा आक्षेप कोणीही जाणत्याने घ्यावा असाच होता. संख्याशास्त्राचा एक पाया घालणारे रोनाल्ड फिशर यांनी पुढे तो घेतलाही. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती या दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील, असे त्यांनी सुचवले.

अशा आक्षेपाचे काय करायचे असते? तो खरा असेल तर काय दिसले पाहिजे आणि खोटा असेल तर काय दिसले पाहिजे, हे ठरवून ते पाहायचे असते. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद केली आणि पुढे कोणाचा मृत्यू कशाने होतो यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले. जास्त ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते आणि धूम्रपान सोडणाऱ्यांत धोका कमी होत गेला. मूळ कारण केवळ आनुवंशिक असते तर सवय सोडल्याने ते बदलायला नको होते. पुरावा असा निरनिराळ्या वाटांनी येऊन एकाच ठिकाणी मिळत गेला, आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, अहवालाने धूम्रपान हे पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे स्पष्टपणे नोंदवले.

तंबाखू कंपन्यांनी मात्र ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन देऊन हे संशोधन निर्णायक नसल्याचे लोकांना सांगितले आणि हीच भूमिका त्यांनी पुढे दशकानुदशके चालू ठेवली. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर 'शंका हेच आपले उत्पादन आहे' अशा अर्थाचे वाक्य आहे. ते टिपण नंतर उघड झाले. १९५० मध्ये जे म्हणणे रास्त होते, तेच १९६९ मध्ये अप्रामाणिक झाले होते. या एकोणीस वर्षांत पुराव्याचा ढीग उभा राहिला आणि शंकेने त्यातील कशाचीही दखल घेतली नाही, हे त्याचे कारण.

न्यायसूत्रांनी अशा वर्तनाला फार पूर्वी वितंडा हे नाव दिले आहे. आपला कोणताही पक्ष सिद्ध करायचा नाही, फक्त समोरच्याचा पक्ष पाडत राहायचे, असे त्याचे लक्षण आहे. आपण उल्लेखिलेल्या मंडळींना एवढेच विचारावे की कोणता पुरावा मिळाल्यास आपले समाधान होईल. खरा संशयवादी या प्रश्नाचे उत्तर देतो, अनेकदा त्याने ते आधीच ठरवून ठेवलेले असते. दुसरा प्रश्न असा की, लसीबाबतच्या हजारो लोकांवरील चाचणीला शंका घेणारा ज्या काटेकोरपणे तपासतो, तितक्याच काटेकोरपणे तो आपल्या बाजूच्या एखाद्या ध्वनिचित्रफितीला तपासतो का? नावडत्या गोष्टीला एक निकष आणि आवडत्या गोष्टीला दुसरा निकष लावला की संशयवाद संपतो, मग त्या माणसाने स्वतःला कोणतेही नाव दिलेले असो.

प्रश्न : भगवद्गीतेत 'संशयात्मा विनश्यति' असे स्पष्ट म्हटले आहे. मग संशयवादाचा पुरस्कार आपण कसा करता?

उत्तर : हे वचन चौथ्या अध्यायातील चाळिसाव्या श्लोकातले आहे. त्याच अध्यायात, अवघे सहा श्लोक आधी, ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना प्रणिपात (नम्र वंदन) आणि सेवा यांच्या जोडीने परिप्रश्न सांगितला आहे, म्हणजे सर्व बाजूंनी प्रश्न विचारणे. संपूर्ण ग्रंथ अर्जुनाच्या शंकांवर उभा आहे आणि अठराव्या अध्यायात उपदेश संपत आल्यावर त्याला सांगितले जाते की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. शंका घेणाराचा नाश होतो असाच त्या वचनाचा अर्थ असता, तर अठरा अध्यायांचा हा संवाद झालाच नसता.

माझ्या समजुतीप्रमाणे तेथे निषेध आहे तो कधीच निश्चय करू न शकणाऱ्या, डळमळीत मनाचा. असे मन शोधही घेत नाही आणि कृतीही करत नाही. त्या निषेधाशी माझा काही विरोध नाही. श्रद्धेचा विषय म्हणून गीता वाचणाऱ्यांचा अर्थ याहून वेगळा असू शकतो आणि त्याला माझी हरकत नाही. मात्र चौकशी थांबवण्यासाठी हे अर्धे वचन पुढे करणे त्या ग्रंथावरही अन्याय करणारे आहे.

प्रश्न : अनेक वर्षांची माझी पाठदुखी स्पर्श न करता केवळ हातांतून ऊर्जा देणाऱ्या एका उपचारकाकडे गेल्यावर थांबली. माझा मुलगा म्हणतो की हे सारे थोतांड आहे. पण हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मी स्वतःलाच खोटी कशी ठरवू?

उत्तर : स्वतःला खोटे ठरवण्याची आपल्याला मुळीच आवश्यकता नाही. आपली पाठ दुखत होती आणि आता दुखत नाही, हे आपल्याहून अधिक चांगले दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? आपल्या चिरंजीवांनी या दोन गोष्टींवर शंका घेतली असेल तर ती गैर आहे. परंतु आपल्या पत्रात तिसरी एक गोष्ट आहे : दुखणे थांबले ते उपचारकाच्या हातांतील ऊर्जेमुळे. ही गोष्ट आपण अनुभवलेली नाही. दोन अनुभवांवरून आपण तिचे अनुमान केले आहे. अनुभव प्रामाणिक असूनही त्याचे लावलेले कारण चुकीचे असू शकते, आणि बहुतेक वाद नेमके येथेच विनाकारण कडू होतात.

पाठदुखी ही कमी-अधिक होत राहणारी व्याधी आहे. दुखणे असह्य झाले की माणूस नवा उपचार शोधतो. आणि जे सर्वाधिक असह्य झालेले असते ते पुढे काही प्रमाणात कमी होण्याचीच शक्यता जास्त असते, मग मधल्या काळात काहीही केलेले असो. त्याखेरीज कोणी आपुलकीने वेळ दिला, आता बरे वाटेल अशी आशा निर्माण झाली, की वेदनेची जाणीव खरोखरच कमी होते. यांपैकी नेमके काय घडले हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही, ते मलाही सांगता येणार नाही.

असाच प्रश्न १७८४ मध्ये पॅरिसमध्ये उभा राहिला होता. फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'च्या उपचाराने शेकडो रुग्णांना झटके येत, मूर्च्छा येई आणि पुष्कळांना बरेही वाटे. राजा सोळाव्या लुईने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे सदस्य होते. रुग्णांवर होणारा परिणाम खरा आहे, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी तपासले ते कारण. मेस्मरचा शिष्य देसलों याने फ्रँकलिनच्या निवासस्थानाच्या बागेतील एक झाड 'चुंबकित' केले आणि त्याने स्वतः निवडलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलावर परिणाम वाढत गेला आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. परंतु ती चारही झाडे साधी होती आणि चुंबकित झाड अजून दूर होते. अशा अनेक प्रयोगांनंतर समितीने निष्कर्ष काढला की चुंबकत्व नसताना केवळ कल्पनेने परिणाम होतो आणि कल्पनेला वाव नसेल तर चुंबकत्वाने काहीच होत नाही. त्या मुलाला कोणी लबाड म्हटले नाही, आणि तो लबाड नव्हताच.

आपल्याला बरे वाटत असेल तर ते समाधान कोणी हिरावून घेऊ नये. मात्र दुखणे पुन्हा उद्भवले, पायाला मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा जाणवला, तर त्या उपचारकाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवावे, एवढी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या आजोबांचा मृत्यू झाल्याचे मला स्वप्न पडले आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. हा योगायोग कसा असू शकेल?

उत्तर : आपल्या दुःखात मी सहभागी आहे. हिशेब मात्र असा होतो. समजा, प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदाच जवळच्या कोणाच्या तरी मृत्यूचे स्वप्न पडते आणि ती व्यक्ती नेमकी दुसऱ्या दिवशी जाण्याची शक्यता २० हजारांत एक इतकी अल्प आहे. तरीही एक कोटी माणसांत ५०० जणांना हा अनुभव निव्वळ योगायोगाने येईल. शिवाय आजोबा वृद्ध किंवा आजारी असतील तर ती शक्यता कितीतरी वाढते आणि त्यांची काळजी मनात असल्याने तसे स्वप्न पडणेही स्वाभाविक ठरते. ज्यांचे स्वप्न खरे ठरले नाही ते ९९ लाख ९९ हजार ५०० लोक ते विसरून जातात आणि त्यांपैकी कोणी मला पत्र लिहीत नाही. आपल्या एकट्याच्या बाबतीत हे घडणे दुर्मीळ आहे. कोणाच्या तरी बाबतीत घडणे जवळजवळ अटळ आहे.

प्रश्न : आकाशातून दगड पडतात हे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हसण्यावारी नेले होते, पण शेवटी खेडूतच खरे ठरले. आजचे संशयवादी ज्या गोष्टी नाकारतात त्या उद्या खऱ्या ठरणार नाहीत कशावरून?

उत्तर : काही निश्चितच ठरतील. उल्कापाताचे उदाहरण आपण दिले हे फार बरे झाले, कारण संशयवाद्यांनी ते स्वतः वारंवार आठवावे असे आहे. फ्रान्समधील ल्यूसे येथे १७६८ मध्ये पडलेला म्हणून सांगितलेला दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे आला. अकादमीच्या तपासनिसांनी त्याचे रासायनिक पृथक्करण करून १७७२ च्या अहवालात म्हटले की हा आकाशातून आलेला नसून वीज पडलेला साधा भूमीवरचाच दगड आहे. त्या तपासनिसांत लाव्हाझिए होता. मेस्मरच्या चौकशीतला तोच लाव्हाझिए.

एकच बुद्धिमान, प्रामाणिक माणूस एका चौकशीत चुकला आणि बारा वर्षांनंतरच्या दुसऱ्या चौकशीत बरोबर ठरला, यावरून मला असे वाटते की फरक माणसात नसून पद्धतीत होता. १७८४ मध्ये दाव्याला खरे ठरण्याची पूर्ण संधी देऊन मग तो तपासला गेला. १७७२ मध्ये दगड तपासला गेला, परंतु तो पडताना पाहिल्याचे सांगणाऱ्यांची साक्ष जवळजवळ सोडून दिली गेली, कारण आकाशात दगड नसतातच हे उत्तर आधीच ठरलेले होते. शंका समोरच्या दाव्यावर घेतली गेली आणि स्वतःच्या गृहीतकावर घेतली गेली नाही.

पुढची हकीगत मात्र अर्धवट सांगितली जाते. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने उल्का अंतराळातून येतात असे मांडले. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्येच लेग्ल येथे सुमारे ३ हजार दगडांचा वर्षाव झाला आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बियो याला चौकशीसाठी पाठवण्यात आले. त्याने एकमेकांशी संबंध नसलेल्या, निरनिराळ्या व्यवसायांतील साक्षीदारांची जबानी गावोगाव फिरून घेतली. तसले दगड त्या भागात पूर्वी कधीच आढळले नव्हते याची खातरजमा केली. ते लंबवर्तुळाकार पट्ट्यात विखुरले असल्याचे नोंदवले. त्याच्या अहवालानंतर विद्वानांचे मत झपाट्याने पालटले. खेडूत खरे ठरले हे सत्य आहे, आणि ते खरे असल्याचे सिद्ध झाले ते अधिक कसून केलेल्या चौकशीने, हेही तितकेच सत्य आहे.

येथे दुसरी बाजूही विसरता येत नाही. १९०३ मध्ये रने ब्लाँद्लो या नामवंत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 'एन किरण' शोधल्याचे जाहीर केले आणि अनेकांना ते दिसूही लागले. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड यांनी त्याच्या प्रयोगशाळेत अंधाराचा फायदा घेऊन उपकरणातील अत्यावश्यक लोलक गुपचूप काढून घेतला, तरी निरीक्षकांना किरण पूर्ववत दिसत राहिले. आज त्या किरणांचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या दाव्यांना लोक हसले आणि जे पुढे खोटेच निघाले, अशांची यादी कोणी जपून ठेवत नाही, म्हणून उल्कांसारखी उदाहरणे जास्त असल्याचा भास होतो. लोक हसले, हा कोणत्याही दाव्याच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी पोटातील व्रणांमागे जिवाणू असल्याचे १९८० च्या दशकात मांडले, तेव्हा त्यांनाही विरोध झाला. त्यांनी प्रयोग केले, इतरांनी ते पडताळले, १९९४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने त्यावर प्रतिजैविकांची शिफारस केली आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : मी विज्ञान शिकलेलो नाही. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणे मला शक्य नाही. मग तज्ज्ञांवर विश्वास ठेवणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच नव्हे का?

उत्तर : प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणे कोणालाच शक्य नाही, हृदयरोगतज्ज्ञालाही भूकंपाविषयी दुसऱ्याचेच ऐकावे लागते. विश्वास डोळस आहे की आंधळा, हे तो कशावर ठेवला आहे यावरून ठरते. एखाद्या व्यक्तीच्या अधिकारावर ठेवलेला विश्वास दुबळा असतो, मग ती व्यक्ती कितीही मोठी असो. जेथे चूक शोधून काढणाऱ्याचा मान वाढतो, जेथे एकमेकांचे प्रतिस्पर्धी एकमेकांचे काम पुन्हा करून पाहतात, अशा व्यवस्थेवर ठेवलेल्या विश्वासाला आधार असतो.

सप्टेंबर २०११ मध्ये, जिनिव्हाजवळून सुमारे ७३० किलोमीटर अंतरावरील इटलीतील प्रयोगशाळेकडे सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत असल्याचे मोजमाप तेथील संशोधकांना मिळाले. खरे असते तर ते भौतिकशास्त्राचा पाया हलवणारे होते. त्यांनी विजयाची घोषणा केली नाही. आपली सर्व माहिती खुली करून, आमची चूक कोठे होते आहे ते शोधावे, असे आवाहन केले. काही महिन्यांत उपकरणातील एका प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नसल्याचे आढळले. असे वागणाऱ्या लोकांवर मी विश्वास ठेवतो.

याचा अर्थ छापून आलेला प्रत्येक अभ्यास खरा मानावा असा नाही. मानसशास्त्रातील १०० अभ्यास नव्याने करून पाहण्याचा मोठा प्रकल्प २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी जवळजवळ सर्वांनी सकारात्मक निष्कर्ष सांगितलेला असूनही पुनरावृत्तीत केवळ सुमारे ३६ टक्क्यांत तसा निष्कर्ष मिळाला. ही उणीव बाहेरच्या कोणी नव्हे, त्याच क्षेत्रातील संशोधकांनी उघड केली, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्यासारख्या वाचकाने एकट्यादुकट्या नव्या अभ्यासाची बातमी थोडी बाजूला ठेवावी आणि अनेक देशांतील, निरनिराळ्या पद्धतींनी केलेल्या कामातून जे वारंवार पुढे येते त्यावर भर द्यावा. सांगणारा माणूस आपल्याच विषयाबद्दल बोलतो आहे की दुसऱ्या विषयातील कीर्तीच्या बळावर बोलतो आहे, हेही पाहावे.

प्रश्न : माझे पती माझा फोन तपासतात, मी कोठे गेले होते हे इतरांना विचारतात आणि स्वतःला 'चिकित्सक' म्हणवतात. हा संशयवाद आहे का?

उत्तर : नाही. संशयवाद विधानांना लावायचा असतो. माणसावर पाळत ठेवणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिला चिकित्सेचे नाव देऊन प्रतिष्ठा मिळवून देता येत नाही. यात पुराव्याने समाधान होण्याची सोयच नसते. काही सापडले नाही तर ते लपवले असे मानले जाते. आपण हे सहन करत राहू नये. विश्वासातील नातेवाइकांशी आणि समुपदेशकाशी बोलावे, आणि भीती वाटत असेल तर मदत मागण्यास विलंब करू नये.

प्रश्न : मी नववीत शिकते. मला संशयवादी विचार शिकायचा आहे. सुरुवात कोठून करू? विज्ञान प्रदर्शनात यावर काही करता येईल का?

उत्तर : अवश्य करता येईल, आणि तुझ्याहूनही लहान मुलीने ते केलेले आहे. वर पाठदुखीच्या पत्रात ज्या प्रकारच्या उपचाराचा उल्लेख आला, त्याच्याशी जवळचे नाते असलेली एक पद्धत अमेरिकेत अनेक परिचारिका वापरत असत. रुग्णाच्या शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र आपल्या हातांना जाणवते, असे त्या सांगत. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधा पुठ्ठ्याचा पडदा घेतला. उपचारकाने पडद्यातील दोन छिद्रांतून हात पुढे ठेवायचे. नाणे उडवून ठरेल त्याप्रमाणे एमिली आपला हात त्यांच्या उजव्या किंवा डाव्या हाताजवळ धरणार. तो कोणत्या हाताजवळ आहे एवढेच त्यांनी सांगायचे. एकूण २१ उपचारकांनी २८० वेळा उत्तर दिले आणि त्यांपैकी १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसते अंदाजाने सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हे काम अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तिने कोणाशी वाद घातला नाही आणि कोणाला खोटे म्हटले नाही. जी गोष्ट जाणवते असे ते म्हणत होते ती खरोखर जाणवते का, एवढेच तिने विचारले आणि उत्तर त्यांच्याच हातांवर सोपवले. पुठ्ठा आणि नाणे यांपलीकडे तिला साधन लागले नाही.

तू विषय निवडताना मात्र दुसऱ्याची समजूत घेऊ नकोस. तुझी स्वतःची, तुला मनापासून आवडणारी एखादी समजूत घे. अमुक पेनाने पेपर चांगला जातो, गाणी ऐकत अभ्यास केला तर जास्त लक्षात राहतो, समोरचा खोटे बोलत असेल तर चेहऱ्यावरून कळते, यांपैकी काहीही चालेल. प्रयोग सुरू करण्यापूर्वी किती वेळा मोजणार आणि काय निकाल आला तर तुझे मत बदलशील, हे कागदावर लिहून त्यावर तारीख घाल. मग तुझ्या मताच्या नेमके उलट मत असलेल्या मैत्रिणीला तो कागद वाचायला दे आणि तिला त्यात कोठे पळवाट दिसते ते विचार. तिने दाखवलेल्या पळवाटा बुजवून झाल्या की मोजायला सुरुवात कर.